गाडी पुन्हा पुन्हा तापते, फॅन लागत नाही किंवा बंदच होत नाही: काय आधी बघायचं आणि कुठे थांबायचं

गाडी तापण्याचा प्रॉब्लेम मी आत्तापर्यंत स्वतःच्या दोन गाड्यांवर आणि घरच्यांच्या, मित्रांच्या बऱ्याच गाड्यांवर निस्तरलाय आणि दरवेळी एकच गोष्ट दिसते, आधी पार्ट बदलले जातात आणि विचार नंतर होतो. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडे रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला, फॅनची मोटर बदलली, शेवटी रेडिएटर पण नवा बसवला आणि गाडी परत तापतेच, कारण खरा फॉल्ट एका वितळलेल्या रिले सॉकेटमध्ये होता (रिले म्हणजे फॅनला करंट देणारा विजेवर चालणारा छोटा स्विच). म्हणून माझ्याकडे कोणी तापणारी गाडी घेऊन आलं की मी बोनेट उघडायच्या आधी विचारतो, तापते कधी? उभी असताना की पळताना, लगेच की अर्ध्या तासाने, एसी लावल्यावर की नसतानाही? या उत्तरात अर्धं निदान होऊन जातं आणि त्याला पैसा लागत नाही.

लक्षणं, आणि ती काय सांगतात

ट्रॅफिकमध्ये, सिग्नलला किंवा नुसती चालू ठेवली की तापते पण गाडी जरा पळायला लागली की टेम्परेचरचा काटा आपोआप खाली येतो. हे जवळजवळ नेहमी हवेचं दुखणं असतं. गाडी पळत असताना समोरचा वारा रेडिएटरमधून जातो, फॅनची फारशी गरजच पडत नाही, उभी राहिली की सगळा भार फॅनवर येतो. म्हणजे फॅनची मोटर, रिले, फ्यूज, सेन्सर, वायरिंग, नाहीतर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा.

बरोबर उलटं, म्हणजे उभी असताना ठीक पण वेगात किंवा चढावर तापते. इथे फॅनला हात लावण्यात अर्थ नाही, वारा भरपूर मिळतोय, कमी पडतंय ते पाण्याचं फिरणं. आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, पंख घासलेला वॉटर पंप, किंवा कूलंटच कमी (कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळून फिरवतात ते द्रव, पुढे नुसतं 'पाणी' म्हटलंय तेही हेच मिश्रण).

थंड इंजिन चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर जातो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, सिस्टिममध्ये हवा धरलीय, कूलंट खूपच कमी आहे, किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय. ही घाईने घ्यायची केस आहे.

काटा लाल पट्ट्याकडे चाललाय पण हीटर लावला तर हवा गारच येतेय. हे लक्षण फार कमी लोक तपासतात आणि ते फार कामाचं आहे, कारण हीटर इंजिनच्याच गरम पाण्यावर चालतो. इंजिन उकळतंय आणि हीटर गार, म्हणजे पाणी हीटरपर्यंत पोचतच नाहीये. पाणी कमी आहे, हवा अडकलीय किंवा पंप ढकलत नाहीये.

गाडी उभी राहिली की एसी गार करायचा थांबतो आणि चालायला लागली की परत गार. बऱ्याच गाड्यांत कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर दोन्हीसाठी तोच फॅन असतो, त्यामुळे फॅन कमजोर झाला की आधी एसी तक्रार करतो आणि काटा काही आठवड्यांनी. एसीचा गॅस भरून घ्यायच्या आधी फॅन फिरतोय का एवढं बघा.

फॅन सकाळी थंड इंजिनलाही फुल स्पीडने लागतो आणि थांबतच नाही. रिले आतून चिकटलाय, किंवा सेन्सरचं कनेक्शन तुटलंय. बऱ्याच गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सरचं रीडिंग मिळालं नाही की इंजिन वाचावं म्हणून मुद्दाम फॅन चालू ठेवतो. मात्र गाडी बंद केल्यावर फॅन काही मिनिटं फिरत राहणं हे कित्येक मॉडेलमध्ये नॉर्मल आहे, त्यात फॉल्ट शोधत बसू नका.

शिवाय गाडीत गोडसर वास, समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं, पायाखालचं कार्पेट ओलं, हे सगळं हीटर कोअर (हीटरचा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) गळत असल्याचं लक्षण.

काट्याबद्दल एक सांगून ठेवतो. आजच्या बहुतेक गाड्यांतला काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, पाणी ८० अंशाला असो की १००ला तो मधोमधच उभा राहतो. त्यामुळे काटा मधून हलून वर गेलेला दिसला म्हणजे गोष्ट आधीच बरीच पुढे गेलेली असते. काही गाड्यांत तर काटाच नाही, नुसता लाल दिवा आहे, तिथे दिवा लागणं ही शेवटची घंटा समजा.

रस्त्यात तापली तर

एसी बंद, हीटर फुल गरमवर, ब्लोअर फुल, आणि सुरक्षित जागा दिसली की बाजूला. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनमधली बरीच उष्णता बाहेर काढतो, तुम्हाला घाम फुटेल पण तेवढ्या दोन मिनिटांत इंजिन वाचू शकतं. काटा लाल पट्ट्यात असेल, लाल दिवा लागला असेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन तिथेच बंद करा, "पुढच्या वळणापर्यंत नेतो" असं अजिबात नको. आजकाल बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि जास्त तापलं की ते वाकतं, त्या एका किलोमीटरने शंभर रुपयांच्या फ्यूजचं काम इंजिन उघडायच्या कामावर जातं.

आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कापड धरूनही नाही, हळूहळूही नाही. आत दाब असतो म्हणून पाणी १०० अंशाच्या वर असूनही उकळत नाही, झाकण ढिलं केलं की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात वाफ होऊन वर उसळतं. चेहरा आणि हात भाजलेली माणसं मी बघितलीत म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. निदान तासभर थांबा, वरचा होज (रेडिएटरला जोडलेली जाड रबरी नळी) हाताने दाबून बघा, तो मऊ आणि कोमट झाला असेल तरच झाकण. गरम इंजिनात एकदम गार पाणीही ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो.

आता तपासण्या, स्वस्तातल्या आधी. खालचं सगळं थंड इंजिनवर, जिथे चालू ठेवायला सांगितलंय ते सोडून. इग्निशन बंद असतानाही काही गाड्यांत फॅन अचानक सुरू होतो, म्हणून बाह्या, ओढणी, लांब केस आणि बोटं फॅनपासून लांब ठेवा, फॅनजवळ हात घालायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

१. कूलंटची लेव्हल

टाकीवरच्या मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघा, आणि रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर ते उघडून आत पण बघा. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं मी खूपदा पाहिलंय, कारण झाकण खराब असेल किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी चिरलेली असेल तर गार होताना पाणी परत आत ओढलंच जात नाही.

ही सिस्टिम बंद असते. तिच्यातलं पाणी पेट्रोलसारखं संपत नाही. वर्षाकाठी थोडंफार कमी झालं तर समजू शकतो, पण दर आठवड्याला टॉप-अप करावं लागतंय तर ते कुठेतरी जातंय, बाहेर जमिनीवर नाहीतर आत सिलिंडरमध्ये. महिनोन् महिने पाण्याची बाटली डिकीत ठेवून गाडी चालवणं ही दुरुस्ती नाही, त्यात कूलंट पातळ होत जातो, गंज वाढतो आणि मूळ गळती मोठी होते.

भरताना मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचाच कूलंट घ्या, नुसत्या रंगावरून घेऊ नका, रंग प्रत्येक कंपनी आपापला टाकते. वेगवेगळे प्रकार मिसळले तर आत चिखलासारखा गाळ होऊ शकतो. पाणी घालायचंच तर डिस्टिल्ड, नळाच्या पाण्यातला क्षार आत खपली धरतो. आणि कूलंट सांडला तर लगेच धुऊन टाका, चवीला गोड असतो आणि विषारी असतो, कुत्री मांजरं चाटतात आणि दगावतात, लहान मुलांच्या हाती तर लागूच द्यायचा नाही.

२. झाकण

सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित. या झाकणात स्प्रिंग असते, साधारण १ बारच्या आसपास दाब धरून ठेवते. साधं पाणी उघड्यावर १०० अंशाला उकळतं, १ बार दाब असला की साधारण १२० ला, आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर १२५ च्याही वर. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं की हा सगळा फायदा जातो, गाडी फार न तापताच उकळायला लागते आणि टाकीतून पाणी बाहेर फेकते. रबर बघा, स्प्रिंग दाबून बघा. सकाळी थंड गाडीचा वरचा होज आत चिपकलेला दिसला तर झाकणातला उलटा व्हॉल्व्ह अडकलाय. शंका आली तर सरळ नवं घ्या, फक्त झाकणावर लिहिलेला दाब जुन्याइतकाच हवा, जास्त दाबाचं लावलं तर होज आणि रेडिएटरचे प्लास्टिकचे कोपरे फुटतात.

३. टॉर्च घेऊन गळती

ओली गळती सोपी असते, फसवी असते ती सुकलेली. गरम इंजिनावर थेंब लगेच सुकतो आणि मागे पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचा डाग राहतो. होजच्या टोकांना क्लॅम्पजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या आणि ॲल्युमिनियमच्या जोडावर, वॉटर पंपाच्या खाली असे डाग शोधा. पंपाला खाली एक छोटं भोक मुद्दामच ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून थेंब येतो, ते भोक बुजवणं हा उपाय नाही, पंप बदलायची वेळ आलीय असं ते सांगतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून वरची जागा सापडते. एसीचं स्वच्छ पाणी खाली पडतं ते वेगळं, त्याला ना रंग असतो ना चिकटपणा.

४. रेडिएटरचं तोंड

समोरच्या ग्रिलमधून बघितलं तर दिसतो तो कंडेन्सर, रेडिएटर त्याच्या मागे असतो. दोघांच्या मधल्या फटीत किडे, पानं, धूळ, प्लास्टिकचे तुकडे यांचा गालिचा बसतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. एकदा एका गाडीतून मी ओंजळभर कचरा काढला आणि त्याशिवाय काहीही न बदलता तिचं तापणं थांबलं. धुताना पाणी शक्यतो इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं, म्हणजे कचरा आला तसा परत जातो, आणि प्रेशर कमी ठेवायचं, जोराच्या फवाऱ्याने त्या पातळ पत्र्या आडव्या होतात आणि मग हवा कायमचीच बंद. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर जागेवर आहे का तेही बघा, ते तुटलं असेल किंवा टक्कर झाल्यावर कोणी परत बसवलंच नसेल तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो.

५. फॅन: एसीची टेस्ट

गाडी चालू करा, एसी लावा, बोनेट उघडा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत फॅन लागायला हवा.

लागला, तर मोटर जिवंत आहे आणि निदान एका स्पीडचं वायरिंग ठीक आहे. आता एसी बंद करून गाडी आयडलवर सोडा आणि काटा बघत थांबा. फॅन बहुतेक गाड्यांत ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान लागतो. एसीने लागतो पण तापल्यावर लागत नाही, तर संशय टेम्परेचर सेन्सरवर किंवा तिथून येणाऱ्या वायरवर. दोन फॅन असलेल्या गाड्यांत एसीने एकच फिरतो असंही असतं, म्हणून दोन्ही बघा.

कुठल्याच परिस्थितीत लागला नाही तर पुढे चला. अगदी जोरात तापल्यावर एकदम फुल स्पीडने लागतो पण हळू स्पीड येतच नाही, तर फॅनजवळचा रेझिस्टर जळालाय, दोन स्पीडच्या फॅनमध्ये हे कायमचं दुखणं आहे आणि त्यासाठी अख्खी मोटर बदलून घेतलेली मी पाहिलीय.

काही मोठ्या गाड्यांत विजेचा फॅन नसतोच, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा क्लचवाला फॅन असतो. तिथे गरम गाडी बंद करून हाताने फिरवला तर जरा जड लागला पाहिजे, गरगर फिरत सुटला तर क्लच गेला.

६. फ्यूज आणि रिले

फॅनचा फ्यूज मोठा असतो, ३० किंवा ४० ॲम्पियरचा, बोनेटखालच्या डब्यात. झाकणाच्या आतल्या चित्रावरून शोधा. नुसता वरून बघून ठीक म्हणू नका, काढून त्याचे पाय बघा, काळे पडलेत का, बाजूचं प्लास्टिक वितळलंय का. जळालेला असेल तर तेवढ्याच ॲम्पियरचा टाका, एकदाच. परत जळाला तर मोठा फ्यूज टाकायचा नाही, तार तर नाहीच नाही, कारण मग फ्यूजच्या जागी वायरिंग पेटेल.

रिलेसाठी सोपी युक्ती, त्याच डब्यात त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, हॉर्नचा वगैरे, तो अदलाबदल करून बघा. फॅन लागला तर रिले गेला होता.

त्यानेही नाही लागला तर रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ नंबरच्या जागा जाड वायरच्या तुकड्याने जोडा, वायरमध्ये फ्यूज असलेलीच घ्या. मला ही टेस्ट सगळ्यात आवडते कारण ती प्रॉब्लेमचे सरळ दोन तुकडे करते. फॅन फिरला तर बॅटरीपासून मोटरपर्यंतचा जाड रस्ता ठीक आहे, फॉल्ट हुकूम देणाऱ्या बाजूला आहे, म्हणजे सेन्सर, ईसीयू, किंवा रिलेच्या ८५-८६ वर येणारी बारीक वायर. फिरला नाही तर फॉल्ट जाड रस्त्यात आहे, सप्लाय, मोटर किंवा अर्थिंग. काही गाड्यांत रिले अर्थिंगच्या बाजूला असतो, आणि नव्या गाड्यांत रिलेऐवजी फॅनवरच कंट्रोल मॉड्यूल असतं जे स्पीड कमीजास्त करतं, तिथे असं वायर जोडणं अजिबात करू नका, मॉड्यूल जळतं.

इथेच माझ्या स्वतःच्या गाडीची गोष्ट सांगतो. दर तीनचार महिन्यांनी रिले जायचा, मी नवा टाकायचो, फॅन सुरू, प्रॉब्लेम संपला असं वाटायचं. तिसऱ्या वेळी सॉकेट ओढून बाहेर काढलं तर ३० नंबरची पिन तपकिरी आणि आजूबाजूचं प्लास्टिक मेणासारखं बसलेलं. आणि त्याच्याही मागचं कारण मोटर होती, तिचं बेअरिंग जड झालं होतं, मोटर जास्त करंट ओढायची, पिन तापायची, पकड ढिली व्हायची, ढिल्या पकडीमुळे अजून तापायची. मोटर आणि सॉकेट दोन्ही बदललं तेव्हा ते चक्र थांबलं. तेव्हापासून एकच पार्ट दुसऱ्यांदा गेला की मी तो बदलत नाही, त्याच्या मागे काय आहे ते आधी बघतो.

७. मोटर, अर्थिंग आणि मल्टिमीटर

बॅटरी काढून फॅन हाताने फिरवा. हलका, गुळगुळीत फिरला पाहिजे. खरखर, अडकणं किंवा पात्याला डगडग म्हणजे बेअरिंग संपलं. मोटरवर हलकं ठोकल्यावर फिरायला लागते तर आतले कार्बन ब्रश झिजलेत, आज चालली म्हणून भरवसा ठेवू नका, ती नेमकी ट्रॅफिकमध्ये दगा देते.

साध्या दोन वायरच्या मोटरचा प्लग काढून तिला फ्यूज असलेल्या वायरने थेट बॅटरीवरून सप्लाय द्या. फिरली नाही तर मोटर गेली, चर्चा संपली. फिरली तर हवा इंजिनकडे येतेय ना ते कागद धरून बघा, कारण प्लस-मायनस उलटं झालं तर फॅन फिरतो पण उलटा, आणि बदललेल्या मोटरचं वायरिंग उलटं जोडलेलं मी दोनदा पकडलंय, दोन्ही वेळा मालक सांगत होता की फॅन तर मस्त फिरतोय.

मोटर थेट फिरते पण प्लगवरून नाही, तर प्लग लावलेलाच ठेवून, फॅनला चालू व्हायचा हुकूम असताना मागून मीटरच्या सुया लावा. गाडी चालू असताना १३ च्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत. प्लग काढून मोजलेलं रीडिंग फसवतं, लोड नसताना कुजकी वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. मग मोटरची मायनस वायर आणि बॅटरीची मायनस यांच्यात मोजा, फॅन चालू असताना अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब, तो बोल्ट काढा, गंज घासा, परत घट्ट करा. अशी फुकटात बरी झालेली गाडी बघून फार बरं वाटतं.

८. सेन्सर

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या प्लगला लावून कॉम्प्युटरचं रीडिंग आणि फॉल्ट कोड वाचायचं यंत्र) हाताशी असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी इग्निशन ऑन करून कूलंटचं टेम्परेचर बघा, ते बाहेरच्या हवेइतकंच यायला हवं. बाहेर २५ आणि स्कॅनर सांगतोय ६० किंवा उणे ४०, तर सेन्सर किंवा वायर गेली. गाडी चालू करून रीडिंग न उड्या मारता सावकाश चढलं पाहिजे. कोड वाचा, पी०४८० म्हणजे फॅनच्या कंट्रोल सर्किटचा फॉल्ट, पी०११७ आणि पी०११८ सेन्सरचे, पी०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापल्याची नोंद. कोड जागा दाखवतो, दोषी पार्ट नाही, पी०४८० आला म्हणून मोटर मागवू नका.

जुन्या गाड्यांत रेडिएटरमध्येच साधा थर्मो स्विच असतो. त्याच्या दोन वायर काढून एकमेकींना जोडल्या की इग्निशन ऑनवर फॅन लागला पाहिजे. पण इथे एक सापळा आहे. थर्मोस्टॅट बंद अडकला असेल तर गरम पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही, स्विच गारच राहतो आणि फॅन लागत नाही, आणि सगळे म्हणतात फॅनचा फॉल्ट आहे. तसंच पाणी कमी असेल आणि सेन्सर हवेत उघडा पडला असेल तर इंजिन उकळत असतानाही तो कमी टेम्परेचर सांगतो. म्हणून लेव्हल आधी, फॅन नंतर, हा क्रम सोडू नका.

९. थर्मोस्टॅट आणि अडकलेली हवा

थंड गाडी चालू करून वरच्या होजला अधूनमधून हात लावा. बऱ्याच इंजिनांत सुरुवातीला तो गार राहतो आणि पाणी साधारण ८२ ते ९० अंशाला पोचलं की थर्मोस्टॅट उघडून तो एकदम गरम होतो. काटा वर गेला, इंजिन तापलं आणि होज अजून गारच, तर थर्मोस्टॅट अडकलाय. काढलात तर गरम पाण्याच्या भांड्यात टाकून बघता येतो, त्याच्यावर कोरलेल्या टेम्परेचरच्या आसपास उघडायला लागला पाहिजे.

तो कायमचा काढून टाकायचा सल्ला बरेच जण देतात, कृपया ऐकू नका. इंजिन धड गरम होत नाही, जास्त इंधन पितं, झीज वाढते, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसेल तर पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासनेच फिरत राहतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते.

कूलंट बदलल्यानंतर किंवा होज काढल्यानंतर तापायला लागली असेल तर आधी हवा काढा. गाडीचं तोंड जरा उंचावर, हीटर फुल गरमवर, झाकण थंड असतानाच उघडलेलं, कूलंट सावकाश ओता, हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत ढिला ठेवा, मग इंजिन चालू करून पाणी वर यायला लागेपर्यंत थांबा, लेव्हल भरा, झाकण लावा. वेळ लागतो, घाई केली तर परत हेच करावं लागतं.

इथे थांबा

वॉटर पंप, आतून चोंदलेला रेडिएटर आणि हेड गॅस्केट, या तिघांवर मी घरी काम करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मनापासून वाटतं. पंप बऱ्याच इंजिनांत टायमिंग बेल्टवर असतो, बेल्ट एक दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात.

हेड गॅस्केटची लक्षणं ओळखता मात्र आली पाहिजेत. थंड इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच होज दगडासारखे कडक होतात. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस दिसतो. पाणी कमी होतं पण गळती कुठेच सापडत नाही. यातलं एक जरी पक्कं दिसलं तरी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या, कारण सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गॅरेजवाल्याला आधी रेडिएटरवर गॅसची टेस्ट करायला सांगा, त्यात निळं द्रावण जळलेल्या गॅसने रंग बदलतं, आणि प्रेशर टेस्ट पण. या दोन टेस्ट न करता कोणी थेट हेड उघडायला निघालं तर दुसरीकडे दाखवा. हेड उघडलंच तर ते सपाट आहे का हे मोजून घ्यायला लावा, वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.

याशिवाय फ्यूज दुसऱ्यांदा जळाला, वायरचा जळका वास आला, फॅनवर कंट्रोल मॉड्यूल आहे, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच जा. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर लेव्हल बघण्यापलीकडे काहीच करू नका, त्यातल्या नारिंगी केबलमध्ये जीव जाईल इतकं व्होल्टेज असतं.

दुरुस्तीनंतर गाडी आयडलवर सोडून फॅन आपोआप लागतो आणि बंद होतो हे निदान दोनदा डोळ्यांनी बघा, एकदा एसी बंद ठेवून आणि एकदा लावून. मग टाकीवर कूलंटच्या रेषेला मार्करने खूण करा आणि पुढचे चार-पाच दिवस सकाळी थंड असताना बघा. हवा बाहेर पडून पहिल्या दिवशी लेव्हल थोडी खाली गेली तर ती भरून घ्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशीही जात असेल तर गळती अजून आहे, परत टॉर्च घेऊन तिसऱ्या तपासणीपासून सुरू करा.